पाण्याची रेघ आणि चौदा इमारती

2024 च्या गोकुळाष्टमीच्या सुमारास बडोद्यात जो पाऊस लागला, त्यात कारेलीबागेतल्या आमच्या तळमजल्याच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं. काळाघोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री 25 फुटांवर गेली की भयजनक पातळी म्हणतात. नदी त्याच्या कितीतरी वर चढली होती. तीन दिवस आम्ही सहा जण वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे खिचडी-कढीवर काढले. मगर आली म्हणून एकदा आरडाओरडा झाला. आमच्या फाटकातली मगर म्हणजे फाटका टायर निघाला, पण पलीकडच्या गल्लीतली खरी होती.

पाणी ओसरलं, गाद्या फेकून झाल्या, गणपती आले आणि गेले. मग आजूबाजूच्या 11 सोसायट्यांची बैठक बसली. पुढच्या वेळी म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लहान पोरांना हलवायचं कुठे, कोरडा शिधा, दोरखंड आणि एक होडी ठेवायची कुठे, असा विषय. जागा तीन हव्या होत्या. नावं आली 14. काही शाळा, काही वाड्या. (वाडी म्हणजे इथे लग्नाचा हॉल. कोकणातल्या पाहुण्यांना हे दरवेळी समजावून सांगावं लागतं.) जो तो आपल्या दारासमोरच्या इमारतीसाठी भांडत होता. दोन तास झाले, चहा दोनदा झाला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नकाशावर काढून बघू या का?"

मी एका खासगी सर्व्हे ऑफिसात नकाशांचं काम करते. रस्ते, गटारं, प्लॉट. जागा निवडायची कामंही पूर्वी केली होती, पण ती दुसऱ्यांसाठी: निकष त्यांचे, वेटं (कोणत्या निकषाला किती वजन द्यायचं ते) त्यांची, आपण फक्त बटणं दाबायची. पद्धत ऐकायला सोपी आहे. प्रत्येक निकषाचा एक लेअर, म्हणजे नकाशाचा एक थर, करायचा, त्याला 0 ते 1 च्या मापात आणायचं, कोणता निकष किती महत्त्वाचा ते ठरवून त्या वेटाने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. ज्या जागेची बेरीज जास्त, ती चांगली. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, लॅपटॉप घरात होता. दोन रविवारांत संपेल असं मी सांगून बसले. फेब्रुवारी उजाडला.

पहिला लेअर उंचीचा. त्यासाठी एसआरटीएमचा डेटा उतरवला. फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर यानातल्या रडारने 11 दिवसांत जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली, तो हा. 30 मीटरचा एक चौकोन, त्याची एक उंची. रंग भरले आणि बघते तर कमाटीबाग उंचावर! 1879 साली सयाजीरावांनी नदीकाठी वसवलेली बाग ही. विश्वामित्री फुगली की पाणी तिथे शिरतं हे बडोद्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे, आणि माझ्या नकाशात ती टेकडीसारखी हिरवीगार वर आलेली. रडारला तिथल्या मोठ्या झाडांचे शेंडे दिसले होते, खालची माती नाही. दाट वस्तीत तेच गच्च्यांचं होतं. आमच्याकडे घर बुडणार की वाचणार हे दोन-तीन फुटांवर ठरतं, आणि हा डेटा शहरात मीटर-मीटरने चुकतो.

मग पुराचाच उपग्रह-नकाशा घ्यावा म्हटलं. युरोपच्या सेंटिनेल-1 चं रडार ढगांतूनही पाहतं. पण त्या वर्षी त्या मालिकेतला एकच उपग्रह काम करत होता, आणि तो त्याच वाटेने पुन्हा यायला 12 दिवस लावायचा. शिवाय मोकळ्या शेतातलं पाणी त्याला काळंभोर दिसतं. इमारतींच्या मधलं पाणी मात्र भिंतींवरून रडारची लहर परत उसळल्यामुळे उलट उजळ दिसतं. म्हणजे धनियावीच्या बाजूची शेतं कळतील, आमची गल्ली नाही.

'नदीपासून अंतर' हा निकष तर मी पहिल्याच आठवड्यात खोडला. पुस्तकी उदाहरणांत तो असतोच असतो. पण आमच्याकडे पाणी फक्त नदीतून येत नाही. पावसाचं पाणी नेणारे मोठे नाले, त्यांना इथे कांस म्हणतात. भुखी कांस, रूपारेल कांस. नदी भरली की कांसांचं पाणी तिच्यात उतरायचं थांबतं आणि मागे वस्तीत फुगत जातं. नदीपासून दीड किलोमीटरवरच्या एका सोसायटीत छातीएवढं पाणी होतं, आणि काठावरच्या कोतरांच्या (घळींच्या) डोक्यावर बसलेल्या एका शाळेच्या पायरीलाही ते लागलं नव्हतं.

तेव्हा टेप घेऊन घरोघर हिंडण्यावाचून इलाज नव्हता. आणि घाई होती, कारण दिवाळी तोंडावर आली होती. पाण्याची रेघ भिंतीवर असते तोवरच ती खरी. एकदा रंगकाम झालं की लोक "एटलुं हतुं" म्हणून हात हवेत धरतात आणि तो हात दरवेळी वेगळ्या उंचीवर असतो. रंगाऱ्यांच्या पुढे पुढे पळत आम्ही 63 घरांतल्या रेघा मोजल्या.

त्यातली एक विसरणार नाही. उतारावरच्या अरुंद गल्लीत एक आजी राहतात, मराठी, माहेर माझ्यासारखंच दांडिया बाजारातलं. त्यांच्या भिंतीला रंग लागून गेला होता. मी परत फिरत होते तर म्हणाल्या, "थांब गं, कपाट बघ." गोदरेजच्या जुन्या कपाटावर पडदा सोडलेला. तो बाजूला केला तर खाली गंजाच्या दोन रेघा, पट्टीने ओढल्यासारख्या. "ही खालची 2019 ची, ही वरची यंदाची. पडदा लावलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला नको." 2019 मध्ये, 31 जुलैला, एका दिवसात जवळपास 20 इंच पाऊस पडला होता, तेव्हाची रेघ जमिनीपासून 1 फूट 11 इंचावर. यंदाची 3 फूट 2 इंचावर. मी वहीत लिहिलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला की 'जमिनीपासून' म्हणजे आजींच्या फरशीपासून, आणि ती फरशी रस्त्यापासून दीड फूट वर आहे. शेजारच्या घरात जोतं नाहीच. म्हणजे तोपर्यंत मोजलेल्या तीसेक रेघा प्रत्येकी आपापल्या फरशीवर उभ्या होत्या, एकमेकींशी त्यांचा काही संबंध नव्हता.

ऑफिसातून ऑटो लेव्हल, म्हणजे जमिनीची पातळी मोजायची दुर्बीण, मागून आणली. दोन रविवार मी दुर्बिणीला डोळा लावला आणि मुलाने स्टाफ, म्हणजे आकड्यांची उभी पट्टी, धरला. तिरका धरतो म्हणून तीनदा ओरडले, तो एकदा स्टाफ टेकवून सेव-उसळ खायला निघून गेला. पण सगळ्या रेघा एका पातळीत आल्या. कमाटीबागेची टेकडी त्या दिवशी नकाशातून उतरली. चौदाही इमारतींची जोती त्याच पातळीतून मोजून टाकली. आजींच्या गल्लीच्या वरच्या टोकाला असलेल्या शाळेला मोठं कुलूप होतं, म्हणून ती आतून पाहता आली नाही. खिडकीतून दिसलं तेवढ्यावर इमारतीचे गुण दिले आणि पुढे गेले.

आता वेटं. मी आधी 9 निकष काढले होते आणि त्यांचं मला फार कौतुक होतं. साटींच्या पद्धतीने, म्हणजे एएचपीने, जायचं ठरवलं होतं. थॉमस साटी या गणितज्ञाने 1970 च्या दशकात बसवलेली ही पद्धत: सगळ्या निकषांचं महत्त्व एकदम विचारायचं नाही, दोन-दोनच समोर ठेवायचे. हा की तो? आणि किती पट? 1 म्हणजे दोन्ही सारखे, 9 म्हणजे एकापुढे दुसरं काहीच नाही. पण 9 निकषांच्या जोड्या होतात 36. पहिल्याच काकांनी अकराव्या जोडीला चष्मा काढून ठेवला आणि त्यानंतर प्रत्येक प्रश्नाला "बन्ने जरूरी छे, बेन" (दोन्ही गरजेचं) एवढंच म्हणाले. घरी येऊन 9 चे 4 केले: उंची, रस्ता, वस्ती, इमारत. सहा जोड्या. हे चहा निवायच्या आत होतं.

एका बाईंनी सांगितलं: उंची रस्त्याच्या 3 पट, रस्ता वस्तीच्या 3 पट. ठीक. म्हणजे उंची वस्तीपेक्षा कितीतरी जड निघायला हवी. विचारलं तर म्हणाल्या, वस्ती उंचीच्या 2 पट. साटींनी उत्तरांतली विसंगती मोजायला एक गुणोत्तर दिलंय, ते 0.10 च्या आत असलं तर चालतं म्हणायचं. एवढ्या तीन उत्तरांवरच ते 0.86 आलं. ऑफिसात अशा वेळी आम्ही काय करतो ते सांगते: आकडा थोडा इकडे-तिकडे सरकवतो आणि 0.09 वर आणून ठेवतो. इथे समोर माणूस बसलेलं होतं. मी विचारलं, "वस्ती म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर काय येतंय?" तर म्हणाल्या, "सासूबाई. त्यांना अर्ध्या किलोमीटरवर नाही नेता येत पाण्यातून."

मी 'वस्ती' लिहिताना मनात धरलं होतं, की इमारतीच्या आसपास किती लोक राहतात. त्यांनी धरलं होतं, की चालत किती लांब. एकाच शब्दात मी दोन निकष कोंबले होते आणि त्यांची उत्तरं त्या दोन्हींत फिरत होती. शब्द तोडला: 'लोकसंख्या' वेगळी, 'चालायचं अंतर' वेगळं. पुन्हा विचारल्यावर उंची लोकसंख्येच्या 5 पट म्हणाल्या, आणि त्याच तिघांचं गुणोत्तर 0.03 वर आलं. त्यानंतर ज्या कुणाचं गुणोत्तर बिघडलं, त्याच्या आकड्याला हात लावायच्या आधी मी माझा शब्द तपासला. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडली.

पाच निकष, 10 जोड्या, 9 माणसं. सगळ्यांची उत्तरं एकत्र करताना साधी सरासरी चालत नाही: एक म्हणतो 3 पट आणि दुसरा म्हणतो एक तृतीयांश, तर दोघांचं मिळून 1 यायला हवं, साध्या सरासरीने येतं 1.67. म्हणून भूमितीय मध्य घ्यायचा: बेरीज करून भागायचं नाही, गुणाकार करून मूळ काढायचं, दोन आकड्यांचं वर्गमूळ, नऊ आकड्यांचं नववं मूळ. निघालं ते असं: उंची 0.42, चालायचं अंतर 0.22, रस्ता 0.16, इमारत 0.13, लोकसंख्या 0.07. हा तक्ता बैठकीत भिंतीवर लावला तेव्हा पहिल्यांदा कुणी आपल्या इमारतीबद्दल बोललं नाही. सगळे आकड्यांवर भांडले. मला हे फार आवडलं.

मग बेरजा झाल्या, आणि यादीत सहाव्या-सातव्या नंबरावर दोन इमारती शेजारी-शेजारी बसल्या. एक मोठ्या रस्त्यावरची वाडी, जिच्या तळमजल्यात त्या पुरात टेबलं तरंगत होती. दुसरी गल्लीच्या टोकाची ती कुलूपबंद शाळा, जिथे थेंब शिरला नाही. दोघींची बेरीज 0.609. मी दोनदा तपासली. वाडीला उंचीचे फक्त 0.1, पण अंतर, रस्ता, लोकसंख्या पुरे 1 आणि इमारत 0.9: म्हणजे 0.042, 0.22, 0.16, 0.07, 0.117. शाळेला उंचीचे 0.9, बाकी सगळं रडतखडत, अंतर 0.5, रस्ता 0.3, इमारत 0.4, लोकसंख्या 0.3: 0.378, 0.11, 0.048, 0.052, 0.021. करून बघा.

गणित बरोबर होतं आणि उत्तर हास्यास्पद. भारित बेरजेचा, म्हणजे वेटं लावून केलेल्या बेरजेचा, हा स्वभावच आहे. एकीकडे कमी पडलेलं ती दुसरीकडून भरून काढते. भाजीत मीठ कमी असेल तर तिखट वाढवून चालेल असं तिला वाटतं. रस्ता कितीही रुंद असला तरी बुडालेल्या खोलीत माणूस झोपवता येत नाही. काही गोष्टींना गुण द्यायचेच नसतात, त्यांची चाळणी असते. 2024 ची रेघ तळमजल्याच्या फरशीच्या वर आणि जिन्याने जाण्याजोगा वरचा मजला नाही, अशी इमारत यादीतून बाहेर, बाकी गुण काहीही असोत. चाळणी लावल्यावर 14 च्या 8 राहिल्या. वाडीवाले रागावले. त्यांचा राग मला समजतो. त्यांची वाडी बाकी सगळ्यात खरोखर चांगली आहे, आणि होडी बांधायला तिच्याइतकी सोयीची जागा नाही. पुढे होडी तिथेच ठेवली.

अंतराचंही तसंच झालं. मी आधी इमारतीभोवती 500 मीटरचं वर्तुळ काढलं होतं. पण वर्तुळाला नदी दिसत नाही. पलीकडे फतेगंजच्या बाजूची घरं वर्तुळात आरामात बसत होती, आणि पूल बंद झाले की त्यांना इकडे यायला वाटच नाही. म्हणून रस्त्यांचा लेअर घेतला, पूल तोडले, ज्या तुकड्यांवर गुडघ्याच्या वर पाणी होतं ते तोडले, आणि उरलेल्या रस्त्यांवरून अंतर मोजलं. नकाशा एकदम केविलवाणा झाला. कारेलीबाग आम्हाला सलग वाटते. पुरात ती सात-आठ बेटं असते. प्रत्येकाने आपलं बेट शोधलं. एका बेनने बोट ठेवून विचारलं, "आमां मारुं घर क्यां?" आणि तिचं घर ज्या बेटावर होतं त्यावर आठांतली एकही इमारत नव्हती. त्याला आमच्याकडे आजही उत्तर नाही. तिथल्या एका बंगल्याचा वरचा मजला मिळावा म्हणून बोलणं चाललंय.

शेवटी वेटं हलवून बघितली. उंचीचं वेट 0.30 पासून 0.55 पर्यंत फिरवलं, बाकीची त्या प्रमाणात. पहिल्या दोन जागा जागच्या हलल्या नाहीत. तिसरी डळमळत होती: वेट 0.40 च्या खाली नेलं की एक हॉल, वर ठेवलं की गल्लीतली शाळा. मी हे सरळ बैठकीत सांगितलं, की या दोघींत संगणक निवड करणार नाही, ती तुमची. हात वर झाले आणि शाळा आली.

जूनमध्ये, पाऊस यायच्या आधी, एक तालीम केली. तांदळाच्या पिशव्या, मेणबत्त्या, दोरखंड घेऊन आठ जण गल्ली चढून शाळेपाशी पोहोचलो. मोठं कुलूप. फोन लावला. चौकीदार म्हणाला, "आवुं छुं," आणि पाऊण तासाने सायकलवरून आला. तो राहतो फतेगंजला, नदीच्या पलीकडे. मी विचारलं, पूर आला तर? तो हसला. "पुल बंद होय तो हुं केवी रीते आवुं, बेन?"

पूल माझ्याच हाताने तोडले होते मी, नकाशात.

शाळेच्या ट्रस्टींच्या परवानगीने दुसरी चावी करून घेतली. ती आता उतारावरच्या आजींकडे असते. कपाटाच्या शेजारी भिंतीत खिळा ठोकलाय, वरच्या रेघेच्या हातभर वर. पाणी आलं तर सगळ्यात आधी त्यांनाच निघावं लागणार, आणि निघताना त्या चावी घेऊनच निघतील.